तपासणीपूर्वीचे दोन शब्द

रुग्णास दिलेली सूचना हा वैद्यकीय तपासणीचाच पहिला भाग होय. कडाव परिसरातील ठाकूर-कातकरी वाड्यांतून दवाखान्यात येणाऱ्या मजुराची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. "उद्या उपाशी या" एवढेच सांगितले, तर कोणी कोरा चहा घेऊन येतो, कोणी पाण्याचा घोटही टाळतो. मग "परत या" हे ऐकून त्यास येणारा संताप अज्ञानातून नव्हे, अपुऱ्या सांगण्यातून येतो.

उपाशीपोटी रक्तातील साखर तपासताना किमान ८ तास अन्न वर्ज्य असते. साधे पाणी चालते. ओटीपोटाच्या सोनोग्राफीस मात्र पाणी पिऊन, लघवी रोखून यावे लागते. क्षयाच्या तपासणीस 'थुंकी द्या' म्हटले की रुग्ण लाळच देतो. हवा असतो तो छातीतून खोकून काढलेला बेडका. नमुना चुकला तर रोग दडून राहतो आणि घरातील मुलांनाही संसर्गाचा धोका राहतो.

संमतीपूर्वी रुग्णास पुरेशी माहिती मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केले आहे.

तेव्हा कर्मचाऱ्यांनी सूचना सोप्या मराठीत सांगावी, चिठ्ठीवर लिहून द्यावी व रुग्णाकडून पुन्हा वदवून घ्यावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना शिक्षक व आशा सेविकांनी ती समजावून द्यावी. पंचायत सदस्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा. यास वेगळा निधी लागत नाही. आस्था मात्र लागते.