घोडा अडीच घरंच चालला पाहिजे



पुस्तकावरून केलेला सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्या वाचकाची तक्रार बहुधा ठरलेली असते. अमका प्रसंग गाळला, तमकं पात्र बदललं. मी आज या तक्रारीच्या बाजूने बोलणार नाही. प्रसंग खुशाल गाळावेत, दोन पात्रांचं एक करावं, शेवटही हलवावा. माध्यम बदललं की हे होणारच. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे.

अद्भुतकथा किंवा विज्ञानकथा लिहिणारा लेखक कथानकाच्याही आधी एक जग रचतो आणि त्या जगाला कायदा देतो. इथे काय घडू शकतं, काय कदापि घडू शकत नाही, आणि जे घडवायचं त्याची किंमत कोण मोजतो, हे सगळं त्या कायद्यात येतं. बुद्धिबळाच्या सोंगट्या हस्तिदंताच्या करा नाहीतर प्लास्टिकच्या, पण घोडा अडीच घरंच चालला पाहिजे. तो सरळ चालायला लागला की पट कितीही देखणा असो, डाव संपला. पडद्यावर आलेल्या बहुतेक ग्रंथमालिकांचं नेमकं हेच झालं आहे.

‘ड्यून’ घ्या. फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी 1965 ची. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह, तिथे मिळणारा ‘स्पाइस’ हा अमूल्य पदार्थ आणि वाळूखालून धावणारे महाकाय किडे. स्पाइस तयार होतो तो या किड्यांच्या जीवनचक्रातून, आणि पाणी हे त्या किड्यांना विष. साम्राज्य, धर्म, व्यापार, युद्ध, हा सगळा डोलारा या एका जीवशास्त्रीय नियमावर उभा आहे. डेव्हिड लिंचने 1984 साली तो ग्रंथ 137 मिनिटांत बसवला. लिंच मोठा दिग्दर्शक, याबद्दल वाद नाही. अंतिम संकलनाचा अधिकार त्याच्या हातात नव्हता, आणि पुढे दूरचित्रवाणीसाठी लांबवलेल्या आवृत्तीवरून त्याने स्वतःचं नावही काढून घेतलं. पण त्या सिनेमाच्या शेवटी काय होतं? नायक जिंकतो आणि अराकिसवर धो धो पाऊस पडतो! संगीत वाजतं, लोक आनंदाने वर बघतात. हर्बर्ट वाचलेला प्रेक्षक मात्र खुर्चीत कपाळाला हात लावतो, कारण या पावसाने किडे मरणार, स्पाइस संपणार आणि साम्राज्य कोसळणार. शिवाय तारणहारापासून सावध राहा, हेच तर हर्बर्टला सांगायचं होतं. सिनेमाने तारणहाराला देव करून टाकलं.

आता डेनी विलनव्हचे 2021 आणि 2024 चे दोन भाग बघा. त्याने बदल कमी केले नाहीत. मूळ पुस्तकात नायकाच्या पाठीशी राहणारी चानी इथे त्याच्यावर शंका घेते आणि शेवटी त्याला सोडून किड्यावर बसून निघून जाते. पुस्तकात असं काही नाही. तरी मी म्हणेन की हा बदल हर्बर्टशी इमान राखणारा आहे, कारण लेखकाने दिलेला इशारा पडद्यावर बोलायला कोणीतरी हवं होतं आणि दिग्दर्शकाने ते काम चानीकडे सोपवलं.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’बद्दल फार बोलत नाही, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पीटर जॅक्सन दोन सिनेमांची योजना घेऊन न्यू लाइन कंपनीकडे गेला, तेव्हा त्या कंपनीच्या प्रमुखाने उलट विचारलं की खंड तीन आहेत तर सिनेमे दोन कशाला? निर्मात्याने लांबी वाढवायला सांगितल्याची अशी उदाहरणं चित्रपटसृष्टीत फारशी सापडायची नाहीत. टॉम बॉम्बाडिल संपूर्ण गाळला गेला, टोलकीनभक्त चिडले, पण अंगठीचा कायदा शाबूत राहिला. चांगल्या हेतूनेही ती वापरता येत नाही, आणि अगदी शेवटच्या क्षणी फ्रोडोसुद्धा हरतो. याच कंपनीने 2007 साली फिलिप पुलमनच्या मालिकेवर ‘द गोल्डन कंपास’ काढला आणि पहिल्या पुस्तकाचा शेवट, एका मुलाच्या मृत्यूचा, चित्रित करूनही कापून टाकला. तो म्हणे पुढच्या भागात दाखवायचा होता. पुढचा भाग आलाच नाही. पुलमनला न्याय मिळाला तो 2019 ते 2022 दरम्यान, बीबीसी आणि एचबीओच्या तीन पर्वांत.

काही वेळा तर पट मांडायलाच जागा दिली जात नाही. स्टीफन किंगची ‘डार्क टॉवर’ सात खंडांची आणि वर एक, त्यावर 2017 साली निघाला 95 मिनिटांचा सिनेमा. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे खंड चौदा, पण मालिका तीन पर्वांनंतर 2025 मध्ये बंद. मधल्या स्टेशनावर गाडी रद्द झाली.

आयझॅक असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’चं प्रकरण जास्त मजेशीर आहे. तिथला कायदा गणिती आहे. अब्जावधी माणसांच्या समूहाचं भविष्य वर्तवता येतं, एकट्या माणसाचं नाही. वीर, योद्धे, दैवी देणगीची माणसं इतिहास घडवत नाहीत, असं असिमॉव्ह सांगत होता. 2021 पासून आलेल्या मालिकेने एकाच सम्राटाच्या प्रतिकृतींची, म्हणजे क्लोनांची, राजघराणेशाही नव्याने रचली. ती मूळ पुस्तकात नाही, तरी ती या मालिकेतली सर्वांत असिमॉव्हला शोभणारी गोष्ट आहे, कारण साम्राज्य गोठलेलं आहे हे त्यातून डोळ्यांना दिसतं. उलट ज्या व्यक्तिरेखांची नावं पुस्तकातून घेतली, त्यांना भविष्याची चाहूल लागण्याची शक्ती देऊन टाकली. म्हणजे जे उपरं होतं ते घरचं वाटतं आणि जे घरचं होतं ते उपरं झालं.

ही सगळी प्रस्तावना झाली. मला खरं बोलायचंय ते अर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’बद्दल. पडद्याकडून सर्वांत जास्त अन्याय झालेली ग्रंथमालिका कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता हे नाव घेईन.

पहिलं पुस्तक ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ 1968 चं, म्हणजे मुलगा जादूच्या विद्यालयात शिकायला जातो ही कल्पना हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधी इथे आली आहे. पुढची दोन पुस्तकं 1971 आणि 1972 ची. मग मोठा खंड पडून 1990 मध्ये ‘टेहानू’, आणि 2001 मध्ये शेवटची दोन. जग कसं? एक अथांग समुद्र आणि त्यात शेकडो बेटं. या जगाचे कायदे दोन. पहिला: प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं, ते ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते. म्हणून लोक व्यवहारात टोपणनाव वापरतात आणि खरं नाव फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगतात. नायक जगासाठी ‘स्पॅरोहॉक’ आहे, त्याचं खरं नाव गेड. दुसरा कायदा तोलाचा: एक खडा जरी जादूने बदललात तरी जगाचा तोल हलतो, तेव्हा परिणाम ठाऊक असल्याशिवाय हात घालू नका. ले ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ आणि ती स्वतः ताओ विचाराची अभ्यासक. या कायद्यांचं मूळ तिथे आहे.

आणखी एक गोष्ट तिने 1968 मध्ये गाजावाजा न करता केली. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे आणि बहुतेक बेटांवरची माणसं अशीच सावळी-काळी आहेत. गोरे आहेत ते कारगाड बेटांवरचे हल्लेखोर.

अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीने डिसेंबर 2004 मध्ये यावर लघुमालिका दाखवली. गेड गोरा! डॅनी ग्लोव्हरसारखा अपवाद सोडला तर मुख्य नटसंचही बहुतेक गोरा. त्याहून कहर म्हणजे नावांची उलटापालट. पडद्यावर सगळे त्याला चारचौघांत ‘गेड’ म्हणून हाक मारतात आणि ‘स्पॅरोहॉक’ हे त्याचं गुप्त नाव ठरतं. ज्या जगाचा पायाच नावांवर उभा आहे, तिथे नावंच उलटी! दिग्दर्शक लेखिकेच्या मनात काय होतं ते सांगायला लागला, तेव्हा लेखिकेला स्वतःच जाहीर उत्तर द्यावं लागलं आणि ‘स्लेट’ नियतकालिकात लेख लिहून तिने रंग पुसल्याबद्दल राग व्यक्त केला. तोवर ती पंचाहत्तरीची झाली होती. या वयात आपल्याच पुस्तकात काय लिहिलंय ते लोकांना समजावून सांगावं लागणं, ही शिक्षाच.

दुसरा प्रयत्न जपानमधून आला, आणि तो जास्त हळहळ लावणारा आहे. हायाओ मियाझाकीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्याकडे परवानगी मागितली होती. तिला तेव्हा त्याचं काम माहीत नव्हतं आणि तिने नकार दिला. पुढे तिने ‘माय नेबर टोटोरो’ पाहिला आणि तिचं मत बदललं. पण परवानगी मिळाली तेव्हा स्टुडिओ घिबलीने सिनेमा दिला तो हायाओच्या मुलाला, गोरोला. त्याचा तो पहिलाच सिनेमा, 2006 चा. दिसायला तो देखणा आहे. समुद्र आहे, बंदराचं गजबजलेलं शहर आहे, उन्हाचा रंग तर फारच सुंदर. पण तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाची सरमिसळ करून शेवट केला तो एका दुष्ट जादूगाराला मारून. ले ग्विनची हरकत इथेच होती.

तिच्या पहिल्या पुस्तकाचं सगळं बळ यात आहे की त्यात मारायला खलनायकच नाही. गर्वाच्या भरात गेड एक सावली जगात सोडतो, तिच्यापासून पळतो, मग वळून तिचा पाठलाग करतो, आणि समुद्राच्या टोकाशी तिला नावाने हाक मारतो. ते नाव त्याचं स्वतःचंच असतं. यापुढे काय शिल्लक राहतं? तलवार नाही, स्फोट नाही. निर्मात्याला हाच शेवट नको असतो.

पडद्यावर हे होणारच नाही, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही, आणि त्याला माझा पुरावा दुसरं पुस्तक, ‘द टूम्ब्ज ऑफ आटुआन’. टेनार नावाच्या मुलीला लहानपणीच आईबापांपासून काढून वाळवंटातल्या थडग्यांची पुजारीण करतात. थडग्यांखाली भुयारांचं जाळं आहे. तिथे उजेड न्यायला बंदी. ती मुलगी ते जाळं हाताने चाचपत, वळणं मोजत पाठ करते. आणि एक दिवस त्या निषिद्ध अंधारात तिला उजेड दिसतो. एक परका माणूस, त्याच्या काठीच्या टोकावर प्रकाश, आणि त्या प्रकाशात तिला पहिल्यांदाच कळतं की आपण वर्षानुवर्षं चाचपडलेली ही गुहा स्फटिकांनी लखलखणारी आहे. सांगा, हे सिनेमाचं काम नाही तर कोणाचं? निम्मा सिनेमा जवळजवळ काळ्या पडद्यावर, फक्त पावलांचा आणि बोटांचा आवाज, आणि मग तो एक उजेड. याला अवाढव्य खर्च लागत नाही. धीर धरू शकणारा दिग्दर्शक लागतो. ‘द रेड शूज’ करणाऱ्या मायकेल पॉवेलने ले ग्विनबरोबर बसून पहिल्या दोन पुस्तकांची पटकथा लिहिलीही होती. पैसा उभा राहिला नाही आणि तो सिनेमा झाला नाही. माझ्या मते न झालेल्या सिनेमांतला हा सर्वांत मोठा तोटा.

आपल्याकडचा अनुभव काही निराळा नाही. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ 1888 ची, तिच्यापुढे ‘चंद्रकांता संतती’चे चोवीस भाग. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. खत्रींच्या जगात चमत्काराला कारण असतं: यंत्रं, रसायनं, बेशुद्धीची पूड, वेषांतर. ऐयार, म्हणजे वेषांतरात तरबेज हेर, पकडला तर त्याला कैद करायचं, मारायचं नाही, हा तिथला संकेत. 1994 साली दूरदर्शनवर आलेल्या मालिकेतला क्रूरसिंग इथल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल, मलाही त्याने हसवलंय. पण ती मालिका कादंबरीपासून फार लांब गेली, आणि तिलिस्मामागची, म्हणजे त्या मायावी भुलभुलैयामागची, कारागिरी हरवली. खत्रींवर पुन्हा, नीट, काम व्हायला हवं.

उलट ‘तुंबाड’ पाहा. 2018 चा हा सिनेमा. त्याचं बीज दिग्दर्शक राही अनिल बर्वेंना नारायण धारपांच्या कथेतून मिळालं, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. हस्तर या शापित देवाकडे सोनं आहे पण अन्न नाही, त्याला पिठाची बाहुली भुलवते आणि पिठाचं रिंगण अडवतं. एवढेच नियम. शेवटचा अनर्थ बाहेरून येत नाही. हावरटपणाने बाहुल्या वाढवल्या की हस्तरही वाढतात, हे त्या नियमांतच होतं. कोकणातल्या एका वाड्यात जे साधलं ते हॉलिवूडला अर्थसीत साधलं नाही.

ले ग्विन जानेवारी 2018 मध्ये गेली. त्याच वर्षी चार्ल्स व्हेसच्या चित्रांसह अर्थसीची सगळी पुस्तकं एका खंडात आली. ती चित्रं काही वर्षं तिच्याशी चर्चा करत काढलेली आहेत आणि त्यांत गेडचा रंग तिला हवा तसा आहे. म्हणजे पुढे जो कोणी पडद्यासाठी हे काम हाती घेईल, त्याला लेखिकेच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही. तुम्ही मात्र त्याची वाट पाहू नका. पहिली तीन पुस्तकं बारीक आहेत, एकेक दोन रात्रींत संपतं. क्रमाने वाचा, आणि ‘आटुआन’ दिवसाउजेडी वाचू नका.