टर्बो मोटारीचा क्लच बदलतांना



मोटारीच्या ज्या भागाकडे मालकाचें लक्ष सर्वांत उशिरां जातें, तो भाग म्हणजे क्लच. दिवे दिसतात, चाकें दिसतात, इंजिनाचा आवाज ऐकूं येतो. क्लच मात्र इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्यें निमूटपणें बसलेला असतो आणि बिघडल्यावांचून त्याची कोणास आठवण होत नाहीं. हल्लीं घरोघरीं टर्बो बसविलेल्या मोटारी आल्या आहेत. अशा मोटारीचा क्लच झिजला म्हणजे त्याच्या जागीं कोणता बसवावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

प्रथम क्लच काय करतो तें पाहूं. इंजिनाबरोबर फिरणारें फ्लायव्हील आणि त्यावर बसविलेली प्रेशर प्लेट या दोहोंच्या चिमट्यांत एक तबकडी धरलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंस घर्षक अस्तर असतें. मिस्त्रीमंडळी तिला क्लच प्लेट म्हणतात. पेडल दाबलें कीं चिमटा सैल होतो. सोडलें कीं तो घट्ट होऊन इंजिनाचा पीळ, म्हणजेच टॉर्क, चाकांकडे जातो. हा चिमटा किती पीळ पेलील, हें चार गोष्टींच्या गुणाकारावरून ठरतें: घर्षणाच्या बाजू, अस्तराचा घर्षणांक, स्प्रिंगचा दाब आणि तबकडीची सरासरी त्रिज्या. गाडी किती वेगानें पळते, याचा येथें संबंध नाहीं.

आतां टर्बोकडे वळूं. धुराड्यांतून वायां जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवावें आणि त्याच्या साहाय्यानें इंजिनांत अधिक हवा कोंबावी, ही ती युक्ति. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. तिचा परिणाम आपल्या परिचयाच्या स्विफ्ट मोटारींत पाहावा. तिच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा कमाल पीळ सुमारें ११४ न्यूटन-मीटर, आणि तोहि मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपास. तिच्याच १.३ लिटर टर्बो डिझेल इंजिनाचा मात्र १९०, आणि तो २,००० फेऱ्यांनाच हातीं येई. २०२० नंतर या डिझेल इंजिनाच्या नव्या गाड्या येत नाहींत; पण जुन्या आमच्या भागांत अजून पुष्कळ धांवतात. कमी फेऱ्यांत एकदम येणारा हा पीळच क्लचची परीक्षा पाहतो.

माझा एक जुना विद्यार्थी कुरुंद्यांत अशीच एक जुनी टर्बो डिझेल गाडी भाड्यानें चालवितो. आसपासच्या खेड्यांतील बाळंतिणी आणि आजारी माणसें रात्रीं-अपरात्रीं नांदेडला नेण्याचें काम बहुधा त्याच्याकडे येतें. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यानें शहरांत जाऊन इंजिनाच्या संगणकांतील आज्ञावली बदलून घेतली. यास रीमॅप म्हणतात. जोर वाढला, चिरंजीव खूष झाले. चार महिन्यांनीं भरल्या गाडीनिशीं चढावर इंजिन ओरडूं लागलें, पण गाडी पुढें सरकेना आणि आंत जळका वास भरला. एका मिस्त्रीनें सांगितलें, नुसती प्लेट बदल. दुसऱ्यानें सांगितलें, शर्यतीच्या गाड्यांना लावतात ती सिरॅमिकच्या गुंड्यांची प्लेट घाल, जन्मांत घसरणार नाहीं. ‘‘गुरुजी, काय करूं?’’ म्हणून तो माझ्याकडे आला. मी मोटारी दुरुस्त करीत नाहीं. पण शाळेंत विज्ञान शिकविलें आहे, हिशेब मांडतां येतो.

नमुन्यादाखल आंकडे घेऊं. दोन बाजू, घर्षणांक ०.३, स्प्रिंगचा दाब ५,००० न्यूटन म्हणजे सुमारें ५०० किलो वजनाइतका, सरासरी त्रिज्या साडेआठ सेंटिमीटर. गुणाकार येतो २५५ न्यूटन-मीटर. इंजिनाचा पीळ १९० असतां ही तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक शिल्लक झाली. ती चैन नव्हे. अस्तर तापलें कीं घर्षण घटतें, आणि तें नुकसान या शिल्लकेंतून भरून निघतें. रीमॅपनें पीळ २४० झाला असें धरा. शिल्लक उरली अवघी पंधरा! मग एका तापल्या चढावर क्लच घसरला तर दोष क्लचचा कसा म्हणावा?

तेव्हां नुसती प्लेट बदलणें निरर्थक होतें. सिरॅमिकचा मार्ग मीं याहून वाईट मानला. ती प्लेट घट्ट धरते हें खरें. परंतु धरते ती एका झटक्यानें. अर्धवट क्लचवर गाडी हळूहळू सरकविणें, बाजाराच्या गर्दींत थांबत थांबत चालविणें तिच्यानें नीट होत नाहीं, आणि मागें आडवी निजलेली बाळंतीण प्रत्येक धक्का सोसते. शिवाय आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. क्लच हा घरांतील विजेच्या फ्यूजसारखा आहे. जादा ताण आला कीं तो घसरतो आणि पुढचें वांचतें. फ्यूजच्या जागीं जाड तार घातली तर काय होतें, हें आपण जाणतां. येथें तो ताण गिअरपेटीवर आणि आंसांवर जाऊन पडतो.

मीं त्याला सांगितलें, ‘‘बाबा, आज्ञावली मूळची करून घे आणि गाडी बनविणारानें नेमलेल्या मापाचा पुरा संच बसव.’’ ज्यास रीमॅप ठेवायचाच असेल, त्यानें नेहमींच्याच अस्तराची, पण अधिक दाबाच्या प्रेशर प्लेटची जोडी पाहावी. तिची शक्ति प्रत्यक्ष पिळाहून पाव ते तिसरा हिस्सा अधिक असली कीं पुरे. पेडल थोडें जड होईल, तें सोसावें.

पुरा संच म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. बेअरिंग स्वस्त; पण तें बदलण्यासाठीं गिअरपेटी पुन्हां उतरविण्याची मजुरी स्वस्त नसते. पेटी उतरली असतां इंजिनाच्या मागचा तेलाचा सील पाहून घ्यावा. तेथून तेल झिरपत असेल तर नवी प्लेटहि घसरेल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा दिसल्या तर त्याचाहि विचार करावा. कित्येक डिझेल गाड्यांत तें दुहेरी, आंत स्प्रिंगा असलेलें असतें. त्याला साध्या फ्लायव्हीलप्रमाणें लेथवर चढवूं नये. २०२२ च्या जुलैंत आमच्या गांवांत पुराचें पाणी शिरलें होतें. अशा पाण्यांत उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट कधीं कधीं गंजानें फ्लायव्हीलला चिकटून बसते आणि पेडल दाबूनहि सुटत नाहीं. तेथें आधीं उघडून पाहावें, खरेदीचा विचार मागाहून.

माल खरेदी करतांना पक्की पावती घ्यावी आणि खोक्यावरील क्रमांक गाडीच्या क्रमांकाशीं ताडून पाहावा. नकली मालाचा सुळसुळाट फार. चांगला माल दूर देशींच होतो असेंहि नाहीं. आमच्या मराठवाड्यांत, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यास, कित्येक वर्षें क्लच तयार होत आले आहेत.

विद्यार्थ्यानें तसें केलें. मालमोटारीला ओलांडतांना पूर्वीसारखा जोर येत नाहीं, ही त्याची कुरकुर अजून चालू आहे. रात्रींच्या फेऱ्याहि चालू आहेत. नवा संच बसविल्यावर पहिले पांचशे-आठशे किलोमीटर गाडी जपून चालवावी, चढावर क्लचवर तोलून उभी करूं नये, आणि काम नसतां डावा पाय पेडलवर ठेवूं नये, एवढें मात्र त्याच्याकडून मीं दोनदां वदवून घेतलें.