माईक घेताना



आम्ही दोघे भाऊ लग्नाला, वरातीला, जत्रेला डीजे घेऊन जातो. वडिलांच्या वेळी घरात एक कर्णा आणि एक माईक होता. आता मोठमोठ्या पेट्या आहेत. पण माईकवाचून काम तेव्हाही अडायचे, आताही अडते. तुमच्या गावची काही पोरे हा धंदा काढणार आहेत असे कळले. म्हणून आज माईकविषयीच बोलू.

आधी आमची फजिती ऐका. चार पैसे हाती आले तेव्हा आम्ही एक महागडा माईक घेतला. दुकानदार म्हणाला, "याला टाचणी पडलेली ऐकू येते." आम्ही खूश! तो माईक जत्रेत लावला. दिवेलागणीला एक बाई रडत आली. तिची पाच वर्षांची पोर गर्दीत चुकली होती. आम्ही गाणे बंद केले, माईक तोंडाशी धरला. पहिला शब्द निघतो न निघतो तोच पेट्यांतून कूंऽऽ अशी शिट्टी सुटली. आवाज कमी करावा तर ऐकू जाईना. वाढवावा तर पुन्हा शिट्टी. शेवटी धाकटा टेबलावर चढला आणि नुसत्या घशाने ओरडत राहिला. पोर पाळण्यापाशी सापडली. पण अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासातले त्या माउलीचे तोंड आम्ही अजून विसरलो नाही.

असे का झाले? आपण बोलतो ते माईक ऐकतो. ते पेटीतून मोठे होऊन बाहेर पडते. तेच पुन्हा माईकमध्ये शिरते आणि आणखी मोठे होते. हे चक्र थांबत नाही. तीच ती शिट्टी. आमचा माईक कंडेन्सर जातीचा होता. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्ट वीज पुरवावी लागते. त्याचा कान फार तिखट. गाणी भरण्याच्या बंद खोलीत तो राजा. पण डीजेवाला उभा राहतो पेट्यांच्या शेजारी, गोंगाटात. त्याला थोडा बहिराच माईक बरा!

असा माईक म्हणजे डायनॅमिक. त्यात एक पातळ पडदा असतो. पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. भोवती लोहचुंबक. आपण बोललो की पडदा हलतो, वेटोळे हलते आणि वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोचाच हा भाऊबंद. तारेचा असला तर त्याला बॅटरीही लागत नाही. हातातून पडला तरी सहसा बिघडत नाही.

खोक्यावर बदामासारखी आकृती आहे का ते बघा. पत्त्यातला बदाम असतो ना, तशी. तिला कार्डिऑइड म्हणतात. असा माईक समोरचे ऐकतो, पाठीमागचे फार कमी ऐकतो. म्हणून पेट्या माईकच्या पाठीकडे ठेवाव्यात. माईक पेटीकडे रोखलात तर कितीही चांगला असो, शिट्टी देणारच. आणि जाळी मुठीत धरू नका. काही पोरांना ती ऐट वाटते. पण मूठ आवळली की मागची भोके बुजतात, मग माईक चोहीकडचे ऐकू लागतो.

अमेरिकेतल्या शूर कंपनीचा एसएम ५८ हा असाच माईक. तो १९६६ साली निघाला आणि अजून खपतो आहे. त्याच्या नकला मात्र बाजारात फार. अर्ध्या किमतीत मिळाला तर समजून जा. दुसऱ्या कंपन्यांचेही चांगले असतात. नावापेक्षा कानावर भरवसा ठेवा.

दुकानात फुंकर मारून किंवा टिचकी मारून पाहू नका. चार बोटे अंतरावर धरा आणि "पाटील, फाटक, भाकरी" म्हणा. प, फ, भ म्हणताना धप्प असा आवाज फार येतो का? हातात फिरवताना खरखर होते का? बटण दाबताना टक् वाजते का? सोबत्याला दाराशी उभे करून ऐकायला लावा.

बिनतारी माईक दिसायला छान. पण त्याची बॅटरी ऐन मंगलाष्टकात संपते. शिवाय शेजारच्या मांडवात त्याच लहरीवरचा माईक चालू असला तर दोघांचा घोटाळा होतो. तारेचा एक जवळ असूच द्या.

एक सांगायचे राहिले. माईक हाताला किंवा ओठाला झिणझिण्या देऊ लागला तर तो दोष बहुधा अर्थिंगचा असतो. ताबडतोब मेन बटण बंद करा. वरात थांबली तरी चालेल. वायरमनला दाखवल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

आता इथे दोन माईक मांडले आहेत, एक तो महागडा आणि एक साधा. एकेकाने पुढे या आणि दोन्हीत आपले नाव सांगा. आधी बायका येऊ देत.