भाग: सगळ्यात वेगवान जहाज आणि नाउरूवर राहिलेली माणसं

आजची गोष्ट एका विनाशिकेची.

१९३५ साली फ्रान्सच्या 'ल तेरीब्ल'ने चाचणीत ४५ नॉट्सचा वेग गाठला. ताशी साधारण ८३ किलोमीटर! अडीच हजार टनांचं धूड आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरच्या गाडीसारखं पळतंय. अर्थात चाचणी वेगळी, युद्ध वेगळं. डेमोला मस्त चालणारं ॲप लाइव्ह गेल्यावर काय करतं, ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा.

अशा सहा बहिणी होत्या. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि बहिणींची फाटाफूट झाली. 'ल त्रियोंफाँ' प्लिमथ बंदरात होती. ब्रिटिशांनी ती ताब्यात घेतली आणि पुढे ती द गॉलच्या फ्रेंचांकडे आली. 'लोदास्यो' व्हिशी सरकारकडे राहिली, आणि सप्टेंबरात डाकारजवळ एका ऑस्ट्रेलियन क्रूझरने तिला पेटवून दिलं. डिझाइन एकच, बाजू दोन.

आता या 'ल त्रियोंफाँ'बरोबर पॅसिफिकमध्ये चला. नाउरू हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. तिथे फॉस्फेट निघायचं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांना खत म्हणून. जपानी विमानं बॉम्ब टाकून गेली होती. २३ फेब्रुवारी १९४२ ला आपली विनाशिका तिथे पोचली. इथे वेग खरंच कामाला आला: झटकन यायचं, माणसं घ्यायची, विमान दिसायच्या आत पसार व्हायचं.

पण घ्यायचं कुणाला? हे लढाऊ जहाज, त्यात माणसांना जागा कितीशी असणार! साठेक युरोपीय आणि जवळजवळ चारशे चिनी मजूर चढले. काही चिनी मजूर मागे राहिले. प्रशासक फ्रेडरिक चामर्स आणि आणखी चार ऑस्ट्रेलियन स्वतःहून थांबले. आणि नाउरूचे मूळ रहिवासी? त्यांचं तर ते घरच होतं. त्यांना कुणी नेलंच नाही.

ऑगस्टमध्ये जपानी उतरले. मार्च १९४३ मध्ये त्यांनी त्या पाचही जणांना मारलं. त्याच वर्षी बाराशे नाउरूवासीयांना दूर ट्रुक बेटांवर नेलं. १९४६ च्या जानेवारीत परत आले ७३७.

मला हा आकडा त्या ४५ नॉट्सपेक्षा जास्त लक्षात राहिलाय.

'ल त्रियोंफाँ'चं पुढे काय झालं? १९४३ च्या अखेरीस ती 'सीडर मिल्स' नावाच्या अमेरिकन तेलवाहू जहाजाला सोबत करत ऑस्ट्रेलियाहून मादागास्करकडे निघाली. हिंदी महासागरात चक्रीवादळाने तिला असं झोडपलं की आत पाणी भरलं, जहाज कलंडलं, इंजिनं बंद पडली. शेवटी त्या तेलवाहू जहाजानेच दोर बांधून तिला डिएगो स्वारेझला आणलं. म्हणजे जिला सांभाळायला निघाली, तिनेच हिला ओढत नेलं! मग दुरुस्तीसाठी थेट बोस्टन.

चला, भेटू पुढच्या भागात.