मेंदूतला वाफसा

पक्षाघाताच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेणे हे माझे रोजचे काम. हात लुळा पडलेल्या माणसाचे नातलग हल्ली हमखास विचारतात, "डोक्यावर चुंबक धरून हात पुन्हा चालू करता येतो म्हणे, खरं का?" याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज जरा तपशिलात जाऊ.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. मेंदूतल्या पेशींचा कारभारही विजेवरच चालतो. इंग्लंडमधील शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या दोन गोष्टींची सांगड घातली. तारेचे वेटोळे त्यांनी डोक्यावर धरले आणि त्यातून निमिषमात्र जोरदार प्रवाह सोडला. कवटी न उघडता आत मेंदूत वीज निर्माण झाली आणि विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू आपोआप हलले.

आपण हेअरबँड लावतो, साधारण त्या रेषेखाली मेंदूचा हालचालींचा पट्टा असतो. शरीराच्या प्रत्येक भागासाठी त्यात जागा राखलेली असते. बोटांना, ओठांना आणि जिभेला मोठी, पाठीला अगदी थोडी. पण ही वाटणी कायमची नसते. अमेरिकेत अल्वारो पास्कुआल-लिओन यांच्या गटाने काही जणांकडून पाच दिवस, रोज दोन तास, पियानोवर पाच बोटांचा सराव करून घेतला. चुंबकाने मेंदूचा नकाशा तपासला, तेव्हा बोटांची जागा वाढलेली दिसली. नुसत्या मनातल्या मनात सराव करणाऱ्यांच्या मेंदूतही तसा बदल आढळला. हे संशोधन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग पुढचा प्रश्न ओघानेच आला. बदल तपासणाऱ्या चुंबकाने बदल घडवताही येईल का? काही प्रमाणात येतो, असे दिसले. सेकंदाला एक अशा संथ गतीने ठोके दिले, तर त्या भागाची तत्परता बहुधा कमी होते. पाच किंवा अधिक दिले, तर वाढते. लंडनमध्ये हुआंग, रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन-तीन ठोक्यांचे झुपके वापरले. सहाशे ठोके सलग चाळीस सेकंदांत दिले, तर तत्परता सुमारे तासभर घटली. तेवढेच ठोके मध्ये थांबत थांबत तीन मिनिटांत दिले, तर ती वाढली. दोन पेशींमधले सांधे काही काळ बळकट किंवा ढिले होतात, असा याचा अर्थ लावला जातो.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हा वाफसा आहे. पावसानंतर जमीन पेरणीजोगी होते, पण वाफसा म्हणजे पीक नव्हे. तो फार टिकतही नाही; तेवढ्यात पेरणी उरकावी लागते. इथली पेरणी म्हणजे सराव.

शिवाय प्रत्येक जमीन सारखी नसते. लंडनमध्येच २०१३ मध्ये पन्नासहून अधिक निरोगी माणसांवर झुपक्यांची ही पद्धत तपासली, तेव्हा कोणाची तत्परता वाढली, कोणाची घटली. सरासरी परिणाम उरलाच नाही.

पक्षाघाताचेही तसेच. मेंदूची धडधाकट बाजू दुखावलेल्या बाजूला दाबून ठेवते, म्हणून तिला संथ ठोक्यांनी शांत करावे, अशी कल्पना आहे. अमेरिकेतील १९९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काहींना खरे ठोके दिले, काहींना लुटुपुटूचे. व्यायाम मात्र सर्वांकडून करून घेतला. दोन्ही गटांतले सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण लक्षणीय सुधारले. चुंबकाचा वेगळा फायदा दिसला नाही. या रुग्णांना पक्षाघात होऊन किमान तीन महिने झाले होते. उलट, २०२० मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी सगळा पुरावा एकत्र तपासून, आजारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हाताच्या हालचालीसाठी संथ ठोक्यांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे दार बंद नाही, पण सताड उघडेही नाही.

म्हणून कोणी हा उपचार सुचवला, तर पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. आजार होऊन गेलेला काळ पाहता आमच्या रुग्णाला याचा उपयोग आहे का? ठोक्यांना जोडून लगेच व्यायाम करून घेणार का? आणि डोक्यात धातूची क्लिप किंवा कानाचे यंत्र बसवलेले असेल, पूर्वी फिट आली असेल, तर ते आधी तपासणार का? दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले, तर तो वाफसा वाया गेला असे समजा.

आणि यंत्र परवडत नसेल, तर आपल्या माणसासाठी आपण काहीच केले नाही, असे मनाला लावून घेऊ नका. वाटाणे सोलणे, डब्याचे झाकण उघडणे, रुमालाची घडी घालणे, ही कामे त्या हाताला रोज, पुन्हा पुन्हा करू द्या. उशीर लागला तरी चटकन पुढे होऊन त्याच्या हातातला डबा काढून घेऊ नका. ती धडपड म्हणजेच पेरणी आहे.