एकाच गावातले दोन प्रतिस्पर्धी : न्गुगींची ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’

केनियातल्या माऊ माऊ लढ्यावरची ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ ही न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) यांची कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शिकत असताना त्यांनी ती लिहिली आणि ती छापली गेली जेम्स न्गुगी या नावाने. वसाहतीविरुद्धच्या लढ्याची कथा म्हटली, की एकीकडे गोरा अंमलदार आणि दुसरीकडे जंगलातला बंडखोर असे चित्र वाचक मनाशी धरून असतो. या कादंबरीत तेही आहे. पण तिच्यातले सर्वांत खोल वैर थबाई या एकाच गावात वाढलेल्या गिकुयू जमातीतल्या दोन तरुणांचे आहे.

हे वैर समजण्यासाठी त्या युद्धाची रीत माहीत हवी. ब्रिटिश सरकारने २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी पुकारली आणि ती जानेवारी १९६० पर्यंत चालली. या काळात १,०९० जणांना फाशी दिले गेले, हजारो लोक छावण्यांत डांबले गेले. विखुरलेली घरे मोडून गावकऱ्यांना खंदक आणि कुंपणांनी वेढलेल्या नव्या वस्त्यांत कोंबण्यात आले. बंड मोडण्यासाठी सरकारने गिकुयूंमधूनच होमगार्ड उभे केले. त्यामुळे लढाई जंगलात जेवढी झाली, तेवढीच शेजाऱ्याच्या अंगणात झाली. जुनी असूया, जमिनीचे तंटे, प्रेमातले अपयश या सगळ्याला सरकारी बंदूक मिळाली.

गिकोन्यो सुतार आहे, करंजा गिटार वाजवणारा. दोघांचेही मुंबीवर प्रेम. गिकुयू पुराणकथेत मुंबी ही साऱ्या जमातीची आदिमाता. म्हणून या स्पर्धेला आपल्या भूमीवरच्या हक्काचा अर्थ आपोआप येतो, पण न्गुगी त्याचा फार गाजावाजा करत नाहीत. रुंगेई स्थानकात येणारी गाडी पाहायला जमणे हा गावातल्या तरुणांचा विरंगुळा. एकदा उशीर होतो आणि सगळे धावत सुटतात. करंजा जिवाच्या आकांताने पळून पुढे निघतो. गिकोन्यो मात्र मुंबीबरोबर मागे रेंगाळतो, आणि तिथेच त्या दोघांचे नाते जुळते. शर्यत जिंकणाऱ्याला फलाटावर उभे असताना कळते, की जे हवे होते ते मागेच राहिले. मुंबी गिकोन्योची बायको होते.

आणीबाणी आल्यावर गिकोन्योला छावणीत नेतात. करंजा होमगार्डमध्ये जातो, डोक्यावर बुरखा ओढून गावकऱ्यांची ओळख पटवून देतो, पुढे गावचा प्रमुखही होतो. गावावर उपासमार लादली जाते तेव्हा तो मुंबीला भाकरीचा आधार देतो; त्या भाकरीत माया आहे आणि सत्तेचा दाबही आहे. गिकोन्यो सुटून येणार ही बातमी तोच तिला देतो आणि त्या आनंदाने हललेल्या क्षणी ती त्याच्या स्वाधीन होते. सहा वर्षांनी घरी आलेल्या नवऱ्याला दिसते ते करंजाचे मूल.

इथे न्गुगींनी जे केले आहे ते फार थोड्या युद्धकथांना जमले आहे. गिकोन्योला त्यांनी निष्कलंक ठेवलेले नाही. मुंबीकडे परतण्याच्या ओढीने त्याने छावणीत माऊ माऊच्या शपथेची कबुली दिलेली असते. करंजाही मुंबीपासून दूर जायचे नाही म्हणूनच सरकारला मिळालेला. एकाच स्त्रीसाठी दोघांनी आपल्या माणसांचा हात सोडला. एकाला गाव देशद्रोही म्हणते, दुसरा आतल्या आत जळत राहतो. म्हणूनच गिकोन्योचा मुंबीवरचा राग इतका कठोर आहे. तिला शिक्षा करताना तो स्वतःच्या कबुलीपासून तोंड लपवतो.

दुसरे वैर एकतर्फी आहे. किहिका हा मुंबीचा भाऊ, लढ्याचा नेता. अनाथ, एकलकोंड्या मुगोला त्याच्या शब्दांना मिळणारा मान आणि त्याचा आत्मविश्वास सलतो. इंग्रज अधिकाऱ्याला मारून किहिका आसऱ्याला येतो तो मुगोच्याच झोपडीत. मुगो त्याला पकडून देतो आणि किहिकाला फाशी होते. पुढे मुगो स्वतः छावणीत छळ सोसतो आणि गाव त्यालाच वीर मानू लागते. किहिकाचा घात करंजाने केला असा बंडखोरांचा संशय असतो. स्वातंत्र्याच्या समारंभात सत्य सांगतो तो मुगो.

त्याच दिवशी, १२ डिसेंबर १९६३ रोजी, गावात धावण्याची स्पर्धा असते. गिकोन्यो आणि करंजा पुन्हा एकमेकांच्या बरोबरीने धावतात, शेवटच्या टप्प्यात दोघेही पडतात आणि गिकोन्योचा हात मोडतो. पहिल्या शर्यतीत निदान एक जण जिंकला होता.

स्पर्धा तेवढ्यावर संपत नाही. गिकोन्यो आणि त्याचे साथीदार एका गोऱ्याचा मळा विकत घेऊ पाहतात. कर्जासाठी मदतीचे आश्वासन देणारा त्यांचा खासदार तोच मळा स्वतः घेतो. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच ही नवी चढाओढ न्गुगींनी ओळखली, आणि पुढे त्यांच्या लेखनाचा तो मुख्य विषय झाला.

इस्पितळात गिकोन्यो मुंबीशी पुन्हा बोलू लागतो आणि त्या मुलाचा विषय स्वतःहून काढतो. मुंबी मात्र लगेच सगळे मिटवून टाकत नाही. इतके काही घडून गेल्यावर दोघांनी मने उघडून, नीट बसून बोलले पाहिजे, असे तिचे म्हणणे असते. इतका वेळ दोन पुरुषांच्या चढाओढीतले बक्षीस ठरलेली स्त्री इथे आपल्या संसाराच्या अटी स्वतः ठरवते.