वाळूचा ईश्वर

सज्जनहो, सोलापूरला समुद्र नाही. आपलं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, नाही तर उजनीच्या नळाची वाट बघणं. तरी आज उत्तररंगाला मी तुम्हाला समुद्राकाठी नेणार आहे.

गोव्यात बाणावली आहे. परशुरामांनी सह्याद्रीवरून बाण सोडला, तो पडला तिथवर समुद्र मागं सरला, म्हणून बाणावली. खाली गोकर्णाला रावणानं आत्मलिंग उपटायला जोर लावला. ते गायीच्या कानासारखं पिळवटलं, पण जागचं हललं नाही. दमला बिचारा, आणि म्हणाला, हा तर महाबळेश्वर! या कथा तुम्ही ऐकलेल्या आहात. आज घ्यायचा तो मुंबईचा वाळकेश्वर.

सीतामाईच्या शोधात प्रभू रामचंद्र त्या किनाऱ्याला आले. शिवपूजेशिवाय अन्न घ्यायचं नाही, हा नेम. लक्ष्मण काशीला लिंग आणायला गेले, त्यांना उशीर झाला. आता काय करावं? प्रभूंनी पायाखालची वाळू ओंजळीत घेतली आणि तिचंच लिंग केलं. वालुकेचा ईश्वर, तो वाळकेश्वर. वाळू आपल्याला परकी आहे का हो? चंद्रभागेच्या वाळवंटात नाचतोच की आपण!

मग तहान लागली. समोर पाणीच पाणी, पण खारट. तेव्हा बाण मारला, कोणी म्हणतात रामानं, कोणी म्हणतात लक्ष्मणानं, आणि जमिनीतून गंगा आली. ती बाणगंगा. समुद्र हाकेवर, आणि तळ्यात गोडं पाणी! तळ्याच्या मध्यावर खांब रोवलाय, तिथं बाण लागला म्हणतात.

पुढं पोर्तुगीज आले, जुनं देऊळ मोडलं. लोक सांगतात, परक्यांना बघून त्या वाळूच्या लिंगानं समुद्रात उडी घेतली. १७१५ साली रामा कामतींनी देऊळ पुन्हा उभं केलं. मधल्या काळात देऊळ नव्हतं, मूर्ती नव्हती, नाव तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं.

माझे थोरले बंधू मुंबईला गिरणीत होते. ते गेले तेव्हा पिंडदान बाणगंगेवरच केलं. पुतण्या शिकलेला, पायरीवर उभा राहून म्हणाला, "काका, हा जमिनीतला झरा आहे. बाणबिण खरं मानता तुम्ही?" मी म्हटलं, "झरा आहेच बाबा. मी कुठं नाही म्हणतो?" वाद घालायची ती वेळ नव्हती, आणि खरं सांगू का, मला उत्तरही सुचलं नव्हतं. (पाण्यात निर्माल्य तरंगत होतं. तेवढं टाकू नका हो, हात जोडतो.)

पिंड दिले, तर्पण झालं. पोरगं खांबाकडं बघत गप्प बसलं. मग म्हणालं, "काका, सुट्टीच्या दिवशी आण्णा मला इथं आणायचे. बाण कुठं लागला ते बोटानं दाखवायचे. दर वेळी दाखवायचे." आणि वाकून त्यानं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!